तात्पुरती छावणी

"राहू दे गं, तात्पुरतं आहे!" असं म्हणून आपण गॅलरीत एखादं खोकं ठेवतो आणि ते वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. मागे भाचीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा तिने मला ओक्लाहोमामधल्या फोर्ट सप्लायला नेलं. तिथे मला ते खोकं आठवलं. पण तिथली 'तात्पुरती' गोष्ट ऐकून हसू मात्र आलं नाही.

साल 1868, नोव्हेंबर महिना. अफाट माळरान. बीव्हर आणि वुल्फ या दोन प्रवाहांच्या संगमाजवळ अमेरिकी सैन्याने तळ ठोकला. हिवाळी मोहिमेपुरती रसद ठेवायची जागा, म्हणून नाव कॅम्प सप्लाय. माळावरचे शायेन लोक थंडीत एका जागी थांबतात, त्यांच्या घोड्यांना चारा मिळत नाही, तेव्हाच त्यांना गाठायचं, असा जनरल शेरिडनचा डाव होता. 23 नोव्हेंबरला भर बर्फात कस्टर सातवं घोडदळ घेऊन इथून निघाला आणि 27 तारखेच्या पहाटे वॉशिटा नदीकाठच्या झोपलेल्या गावावर तुटून पडला.

ते गाव ब्लॅक केटलचं. हा प्रमुख सतत तहाची भाषा बोलणारा. 1864 साली सँड क्रीकच्या हत्याकांडात त्याच्या बायकोला नऊ गोळ्या लागल्या होत्या, तरी ती वाचली होती. वॉशिटाला मात्र नवरा-बायको दोघंही मारले गेले. सैनिकांनी तंबू जाळले, हिवाळ्यासाठी साठवलेलं सुकं मांस जाळलं, शेकडो घोडे गोळ्या घालून मारले.

मैत्रिणींनो, शायेन लोकांत तंबू बाईच्या मालकीचा असायचा. कातडी कमावणं, ती शिवणं, तंबू उभारणं, गाव हललं की उतरवून घोड्यावर लादणं, सगळं तिचंच काम. त्यामुळे इतिहासात 'तंबू जाळले' एवढंच लिहिलेलं असलं, तरी मला त्यात कुणाकुणाचा मांडलेला संसार दिसतो.

53 बायका-मुलं कैद झाली. 2 डिसेंबरला कॅम्प सप्लायमध्ये शेरिडनसमोर विजयी संचलन झालं, बँड वाजला आणि कैदी बायकांना त्यातून नेलं. त्यांच्यात मोनासीता नावाची तरुणी होती. तिचे वडील वॉशिटाला मारले गेले होते आणि तिला दिवस गेले होते. कस्टरने तिला पुढच्या मोहिमेवरही सोबत नेलं. जानेवारी 1869मध्ये त्या मोहिमेवरच ती बाळंत झाली. त्या थंडीत तिला कोणी शेक दिला असेल, कोणी गरम काही खायला घातलं असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

छावणीतल्या आयुष्यावर कस्टरच्या पत्नीने, एलिझाबेथने, पुढे तीन पुस्तकं लिहिली. कैदी बायकांची पुस्तकं नाहीत. पण हल्ल्याच्या वेळी चौदा वर्षांची असलेली मूव्हिंग बिहाइंड हिने म्हातारपणी ती पहाट सांगून ठेवली, म्हणून दुसरी बाजू आपल्यापर्यंत आली.

आणि ती तात्पुरती छावणी? ती उठलीच नाही. 1878मध्ये तिचा फोर्ट सप्लाय झाला आणि सैन्य गेलं ते 1894मध्ये, म्हणजे तब्बल 26 वर्षांनी. 1908मध्ये तिथे मनोरुग्णालय सुरू झालं, नंतर त्याच आवारात 2021पर्यंत तुरुंगही होता. आज 1892चं गार्ड हाउस आणि जुन्या लाकडी तटाची प्रतिकृती बघायला मिळते. ज्यांचं घर घोड्यावर लादून हलायचं, त्या शायेन लोकांना मात्र राखीव जमिनीवर कायमचं बसवलं गेलं आणि 1892मध्ये त्यातलीही बरीचशी जमीन नव्या वसाहतवाल्यांसाठी खुली झाली.

वस्तीत काम करताना 'तात्पुरतं आहे, सांभाळून घ्या' हे बायकांना किती सहज सांगितलं जातं, ते मी रोज ऐकते. फोर्ट सप्लायहून आल्यापासून मी लगेच मान डोलावत नाही. आधी विचारते, "कुणासाठी तात्पुरतं? आणि कधीपर्यंत?"