भार जुनाच, मोजमाप नवे

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगर आणि आय.एन.ए. बाजार यांच्या शेजारी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची एक वसाहत आहे. तिचे नाव लक्ष्मीबाई नगर. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला हे नाव वाचताच आपुलकी वाटते आणि डोळ्यांसमोर घोड्यावर स्वार झालेली, हाती तलवार घेतलेली राणी उभी राहते. हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या तलवारीमागचे रोजचे परिश्रम मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. १८५७ च्या धामधुमीत झाशीत वास्तव्य केलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात राणीसाहेबांच्या दिनचर्येचे वर्णन केले आहे. पहाटेची मल्लखांबाची कसरत आणि त्यानंतरची घोड्यावरची रपेट यांचा त्यात उल्लेख येतो. बळ हे वरदान म्हणून मिळत नाही, ते नित्याच्या सरावाने कमवावे लागते, हेच यातून दिसते.

तरीही ‘बाईमाणसाने जड उचलू नये’ हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आला. गंमत अशी की, हा उपदेश ऐकत असतानाच स्त्री पाण्याच्या घागरी, धान्याची पोती आणि कडेवरचे मूल असा भार वाहतच होती. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन सुमारे ३० किलो असते. तो दारापासून ओट्यापर्यंत सरकवणारे हात बहुधा गृहिणीचेच असतात. म्हणजे भार तिला नवा नाही. तो मोजून, शास्त्रशुद्ध रीतीने आणि स्वतःच्या आरोग्यासाठी उचलणे, एवढेच काय ते नवे आहे.

वडगाव मावळची हर्षदा

महिलांच्या भारोत्तोलनाची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली अमेरिकेत झाली. ऑलिंपिकचे दार मात्र २००० साली सिडनीत उघडले. त्याच स्पर्धेत आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक पटकावले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे २०२१ मध्ये दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून त्यांचीच नियुक्ती झाली.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा क्षण २ मे २०२२ रोजी आला. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो वजनी गटाचे सुवर्णपदक जिंकले. स्नॅच प्रकारात ७० आणि क्लीन अँड जर्क प्रकारात ८३, असे एकूण १५३ किलो तिने उचलले. या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच सुवर्ण. लहानपणी तिने तांदळाचे ५० किलोंचे पोते पाठीवर वाहून नेले होते, अशी हकीकत तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. अशी पोती उचलणाऱ्या मुली गावोगावी आहेत. हर्षदाचे भाग्य एवढेच की, तिचे बळ वडिलांच्या नजरेला पडले आणि बिहारीलाल दुबे यांच्यासारखा प्रशिक्षक गावातच लाभला.

पदकाविना लाभ

प्रत्येकीला पदक जिंकायचे नसते. पण हाडांची चिंता प्रत्येकीला आहे. साधारण तिशीपर्यंत हाडांची घनता वाढत जाते, त्यानंतर ती हळूहळू घटते आणि रजोनिवृत्तीनंतर ही घट वेगाने होते. हाडांवर योग्य भार पडला, तर ती बळकट राहतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे हाडांची घनता कमी असलेल्या, ५८ वर्षांवरील १०१ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने भारी वजने उचलणाऱ्या गटात कण्याच्या हाडांची घनता वाढल्याचे दिसून आले.

‘शरीर पुरुषी दिसेल’ ही भीतीही अनाठायी आहे. स्नायू फुगवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या मानाने अगदी अल्प असते.

आरंभ कसा करावा?

उच्च रक्तदाब, पाठीचे दुखणे, हर्निया, गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली प्रसूती असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनीही तसेच करावे. त्यानंतर वजन उचलण्याची रीत शिकवणारा जाणकार प्रशिक्षक शोधावा. आरशापुढे नुसते हात हलवायला सांगणारा उपयोगाचा नाही.

पहिले काही आठवडे तीनच हालचाली पुरेत : खांद्यावर बार घेऊन बैठका, जमिनीवरून बार उचलणे आणि तो डोक्यावर नेणे. महिलांसाठीचा प्रमाणित बार १५ किलोंचा व पकडीला किंचित बारीक असतो. तोही जड वाटल्यास हलक्या काठीने सराव करावा. जमिनीवरून उचलताना बार पायांच्या अगदी जवळ असावा, पाठ सरळ ठेवावी, श्वास भरून पोट घट्ट करावे आणि पायांनी जमीन दाबत उठावे. मऊ, उंच तळव्यांचे बूट टाळावेत. बैठका घालताना बार अडवणारे आडवे दांडे लावलेलेच असावेत.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन, प्रत्येक हालचाल पाच-पाच वेळा तीन फेऱ्यांत करावी. ती व्यवस्थित जमली, तरच पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती चढवावी. हे गणित आवर्ती ठेवीसारखे आहे. १५ किलोंपासून दर आठवड्याला अडीच किलो वाढवले, तर सहा आठवड्यांनी बारचे वजन ३० किलो, म्हणजे भरलेल्या सिलिंडरइतके होते. डोक्यावर नेण्याच्या हालचालीत वाढ याहून सावकाश होते आणि पुढे सर्वच हालचालींत ती मंदावते. तेव्हा घाई करू नये. उचललेले वजन आणि फेऱ्या एका वहीत लिहून ठेवाव्यात. पासबुकातील नोंदींप्रमाणे ही वहीही मागे वळून पाहताना समाधान देते.

स्नायू घडण्यासाठी प्रथिने हवीत. डाळी, उसळी, दही, पनीर, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी-मासे रोजच्या जेवणात असावेत. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाण्याची सवय मात्र सोडावी लागेल. झोपेतही काटकसर नको. तीव्र वेदना झाल्यास त्याच क्षणी थांबावे.

घराचा भार स्त्रीने आजवर न मोजता उचलला. त्याची नोंद कोणत्याही खात्यात झाली नाही. आता आठवड्यातील दोन तास तिने स्वतःच्या खात्यात जमा करावेत. वयाच्या सत्तरीत कोणाचा हात न धरता जिना चढता येणे, हे त्या ठेवीवरचे व्याज असेल.