गॅमा किरण स्फोटाचे अंतर

अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ साली गॅमा किरणांचा पहिला स्फोट टिपला, तरी असे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरात होतात की अब्जावधी प्रकाशवर्षे दूर, हा वाद पुढे सुमारे तीस वर्षे मिटला नाही. कारण क्षणार्धात किंवा काही मिनिटांत विझणाऱ्या या किरणांवरून स्फोटाचे अंतर थेट कळत नाही. ८ मे १९९७ रोजी बेप्पोसॅक्स उपग्रहाने अशा एका स्फोटाची जागा हेरली आणि तेथे मागे रेंगाळणाऱ्या मंद आभेचा वर्णपट हवाई बेटावरील केक दुर्बिणीने तीनच दिवसांत घेतला. वाटेतील वायूमधले लोह आणि मॅग्नेशियम ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. प्रयोगशाळेत २,७९६ अँगस्ट्रॉमला असणारी मॅग्नेशियमची रेषा येथे सुमारे ५,१३० अँगस्ट्रॉमला सापडली. म्हणजेच विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी १.८३५ पट ताणली गेली होती आणि ही वाढ दर्शवणारी ताम्रसृती ०.८३५ होती. शोषणारा वायू स्फोटाच्या पलीकडे असूच शकत नाही. म्हणून तो प्रकाश किमान सात अब्ज वर्षे प्रवास करून पृथ्वीवर पोहोचला, हे सिद्ध झाले आणि निदान या स्फोटापुरता तरी तो वाद निकालात निघाला.