खुर्चीवर बसलेली पहिली पिढी

गेल्या दीड वर्षात मी सात पुण्यानुमोदन कार्यक्रमांना गेलो. त्यातले चार जण साठीच्या आतले होते. एक बँकेतला, एक एस.टी.तला, एक शिक्षक आणि चौथा आपला कार्यकर्ता. या चौथ्याच्या घरी रात्री अकराच्या आत जेवण झाल्याचे त्याच्या पत्नीला आठवत नव्हते. चारही ठिकाणी वक्ते उठले आणि म्हणाले, 'समाजासाठी झिजला.' मला विचारायचे आहे, झिजला की आपण त्याला झिजू दिला? आणि त्याने तरी स्वतःला का झिजू दिले?

हे दुसऱ्याला सांगायचा मला फारसा अधिकार नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी माझी साखर निघाली. रेल्वेचा पूल चढताना मध्येच थांबून मोबाईल बघण्याचे नाटक मी करीत असे, कारण दम लागला हे सोबतच्यांना कळू नये. माझे वडील गोदीत पोती वाहायचे. पन्नाशीतही ते चाळीचे तीन मजले न थांबता चढत. त्यांच्या पोराला सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली आणि वीस वर्षांत त्याचे पाय गेले!

आपल्यातली हजारो घरे याच जागी उभी आहेत. आजोबा शेतात, बाप गोदीत नाहीतर गिरणीत आणि आपण संगणकापुढे. खुर्चीवर बसून पगार घेणारी ही आपली पहिलीच पिढी. खुर्ची लढून मिळाली आहे, तिची लाज नाही. पण अंगमेहनत सुटली आणि ताटातला भाताचा ढीग तसाच राहिला. वर दिवसाला पाच चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवली तर बरे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्यात आपण नाही, असे समजून चालणार नाही.

खुर्चीचा हा परिणाम कुणाच्या लक्षातच आला नव्हता असे नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दोघांची बस तीच, वस्ती जवळजवळ तीच. पण दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त आणि जिने चढउतार करीत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना कमी, असे त्यांना आढळले.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर येते. 'आपल्या बापजाद्यांनी कमी कष्ट केले काय? आता कुठे सुख आले तर पुन्हा वजने उचलायची?' प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. बापाने वाहिलेले पोते दुसऱ्याच्या हुकमाचे होते. किती वाहायचे, कधी थांबायचे, रात्री पोटात काय पडेल, यातले काहीच त्याच्या हाती नव्हते. अशा ओझ्याने पाठ मोडते, गुडघे जातात. व्यायामातले ओझे आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती घेतो आणि त्यावर सकस खातो. ओझे तेच, पण एक शरीर मोडते आणि दुसरे घडवते. गावच्या तालमीत हे शास्त्र होते, पण तालमीची ती लाल माती सगळ्यांसाठी नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचे स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वेग धरते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यत्वे स्नायूच शोषून घेतात. म्हणजे स्नायू घटले की साखर ठेवायची कोठारेच घटली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली चालण्याबरोबर हेही सांगितले की, आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा. आपण निम्मेच ऐकतो. सकाळी बागेत चालून येतो आणि झाले म्हणतो.

'आता या वयात?' असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनचा एक प्रयोग सांगतो. तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना पायांचा वजनी व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. नव्वदीत वाढते तर पन्नाशीत का वाढणार नाही?

जिमची फी भरू नका, असे मी म्हणत नाही. परवडत असेल तर जरूर जा. मी दहा बाय दहाच्या खोलीत करतो ते सांगतो. खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, सावकाश. भिंतीला हात टेकून जोर. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेला, मग जमिनीवर. पाच किलो तांदूळ भरलेली पिशवी कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून, पोटाकडे ओढणे. दाराची चौकट धरून टाचा उचलणे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. सगळे मिळून वीस मिनिटे, बुधवारी आणि रविवारी. बारा वेळा सहज झाले की थोडे कठीण करायचे, एवढाच नियम. श्वास कोंडायचा नाही. ज्यांना रक्तदाब आहे, छातीत दुखते किंवा जे इन्सुलिनवर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

घरकाम म्हणजेच व्यायाम, ही समजूत आपल्या भगिनींनी सोडावी. कपडे-भांड्यांनी थकवा येतो, ताकद येतेच असे नाही. पाळी गेल्यानंतर हाडे वेगाने ठिसूळ होतात आणि त्यांना वजनाच्या व्यायामाची गरज पुरुषांपेक्षा काकणभर जास्तच असते. नवऱ्याने वीस मिनिटे भाजी चिरली तर आभाळ कोसळत नाही.

खाण्याचे थोडक्यात. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा. शेंगदाणे, चवळी, हरभरा, सोयाबीनच्या वड्या यांत भरपूर. आणि सुकट-बोंबील, ज्यांच्या वासाला शेजारी नाके मुरडतात, त्यात तर खच्चून भरलेली! भाताचा ढीग निम्मा करा आणि त्या जागी हे वाढा.

खरी अडचण सुरू करण्याची नाही, टिकवण्याची आहे. एक जानेवारीला सगळेच पैलवान असतात. लंडनमध्येच शहाण्णव जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला अठरा, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने फार बिघडत नाही, हेही त्यात दिसले. रोजच्या ठरलेल्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की ती टिकते. मी ती सकाळच्या वंदनेला बांधली आहे. त्रिशरण-पंचशील झाले की चादर बाजूला आणि उठाबशा सुरू. तीनदा माझे सुटले, एकदा तर दोन महिने. चौथ्यांदा टिकले.

चौदा एप्रिलला आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. उत्तम आहे. पण बाबासाहेबांचे अठरा तास आठवताना त्यांचा मधुमेह, अखेरच्या वर्षांतली पायदुखी आणि हातातली काठी आपण विसरतो. महापरिनिर्वाणाच्या वेळी त्यांचे वय अवघे पासष्ट होते. अजून दहा वर्षे मिळती तर, हा प्रश्न प्रत्येकाने मनात कितीदा तरी विचारला असेल.

आमच्या वस्तीतल्या विहाराला आठवड्यातले सहा दिवस कुलूप असते. फरशी आहे, पंखे आहेत, भिंती भक्कम आहेत. मी विश्वस्तांकडे बुधवारी संध्याकाळी सात ते साडेसातसाठी किल्ली मागितली. 'कशाला?' म्हणाले. सांगितले. हसले आणि दिली. पहिल्या बुधवारी तिघे आलो, त्यातल्या एक सेवानिवृत्त परिचारिका. दुसऱ्या बुधवारी एकटाच होतो. परवा नऊ जण होते आणि तांदळाच्या पिशव्या कमी पडल्या.