सस्पेंशन आर्मचे बोल्ट : किती आवळावेत आणि केव्हा आवळावेत

प्रस्तावना :

झिजलेला सस्पेंशन आर्म बदलताना, किंवा गाडीची उंची कमी-अधिक केल्यानंतर, अनेक वाहनमालक मूळ उत्पादकाऐवजी अन्य कंपनीने बनविलेले आर्म बसवून घेतात. अशा वेळी पोलादाची जाडी, बुशचा प्रकार आणि किंमत यांची पुष्कळ चर्चा होते. आर्म ज्या दोन-तीन बोल्टांनी गाडीला धरलेला असतो, त्यांचा विचार मात्र शेवटी, घाईत होतो. बोल्ट किती आवळावा हा प्रश्न निदान सुचतो तरी. तो केव्हा आवळावा हा प्रश्न बहुधा सुचतच नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा, विशेषतः दुसऱ्याचा, विचार केला आहे.

बोल्टमधील ताण :

आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंगच होय. नट फिरविला की बोल्ट किंचित लांबतो आणि त्याच्या मागे ओढण्यामुळे ब्रॅकेटचे दोन कान बुशच्या आतील पोलादी नळीवर घट्ट दाबले जातात. ब्रेक लावताना व वळण घेताना चाकाकडून येणारे बल या दाबातून निर्माण झालेल्या घर्षणाने पेलावयाचे असते. दाब अपुरा असेल, तर नळी ब्रॅकेटमध्ये सरकू लागते, खटखट ऐकू येते, बोल्टचे भोक लांबट होते आणि नट हळूहळू सैल पडतो.

टॉर्क पाना हा ताण मोजत नाही, केवळ पीळ मोजतो. दिलेल्या पिळाचा सुमारे नऊ-दशांश भाग नटाखालील व आट्यांमधील घर्षणातच खर्च होतो. उदाहरणार्थ, 12 मिलिमीटर व्यासाचा, 10.9 श्रेणीचा, नेहमीच्या जाड आट्यांचा बोल्ट घेऊ. आटे कोरडे असताना सुमारे 126 न्यूटन-मीटर पिळाने त्यात अंदाजे 52 किलोन्यूटन ताण येतो. त्याच आट्यांना तेल लावून तेवढाच पीळ दिला, तर ताण 70 किलोन्यूटनच्या घरात, म्हणजे कायमचा न लांबता बोल्ट जेवढा भार सोसू शकतो त्या मर्यादेपर्यंत पोहोचतो. म्हणून पुस्तिकेतील आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहिल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. (वरील आकडे हिशेबापुरते आहेत, प्रत्येक गाडीचा आकडा तिच्याच पुस्तिकेतून घ्यावा.) पीळ देऊन पुढे ठरावीक अंश फिरविण्याची सूचना असेल, तर असे बोल्ट सामान्यतः पुन्हा वापरू नयेत.

अन्य कंपनीच्या आर्मबाबत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. नळीच्या तोंडावर वा नटाच्या बैठकीवर रंगाचा जाड थर असेल, तर तो कालांतराने दबतो आणि तेवढा ताण नाहीसा होतो; तो थर खरवडून काढावा. तसेच नळी ब्रॅकेटच्या मापापेक्षा आखूड असेल, तर बोल्टची शक्ती ब्रॅकेटचे कान वाकविण्यात जाते. तो आर्म परत करणेच श्रेयस्कर.

रबरी बुश आणि आवळण्याची वेळ :

रबरी बुशमध्ये आतील नळी, रबर व बाहेरील कडे ही परस्परांना चिकटलेली असतात. बोल्ट आवळला की आतील नळी ब्रॅकेटला जखडली जाते. त्यापुढे आर्मची प्रत्येक हालचाल रबराच्या पिळातूनच होते. गॅरेजमध्ये मात्र गाडी वर उचललेली, चाके लोंबती, आणि त्याच अवस्थेत बोल्ट 'फायनल' केला जातो. समजा, आर्म 300 मिलिमीटर लांब आहे, गाडी जमिनीवर असताना तो आडवा असतो आणि उचलल्यावर चाक 90 मिलिमीटर खाली येते. तर तो सुमारे 17 अंशांनी कललेला असताना बुश जखडला जातो. गाडी खाली उतरविताच तो 17 अंशांचा पीळ रबरात कायमचा बसतो. पुढे खड्ड्यात चाक 60 मिलिमीटर वर गेले, की साडेअकरा अंशांऐवजी जवळजवळ 29 अंशांचा पीळ रबराला सोसावा लागतो. काही महिन्यांत बुश फाटला, की दोष आर्मच्या कंपनीला दिला जातो. तो दरवेळी तिचा असतोच असे नाही.

यावर उपाय सोपा आहे. काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. सर्व बोल्ट प्रथम हाताने, नळी फिरू शकेल इतपतच बसवावेत. नंतर गाडी चाकांवर उभी करून पिटमधून आवळावेत. पिट नसल्यास गाडी स्टँडवर ठेवून आर्मच्या टोकाखाली जॅक लावावा व मोजलेले अंतर येईपर्यंत तो उचलावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. स्प्रिंगही बदलल्या असतील, तर जुने माप निरुपयोगी ठरते. गाडी थोडी चालवून नव्या उंचीवर स्थिरावू द्यावी आणि मग मोजावे. तोवर बोल्ट सैल ठेवून गाडी रस्त्यावर न्यावयाची नाही. ते तात्पुरते आवळून, परतल्यावर सोडवून, योग्य उंचीवर पुन्हा आवळावेत. नळीभोवती मोकळेपणाने फिरणाऱ्या पॉलियुरेथेन बुशना हे बंधन तितकेसे लागू नाही. त्यांना ग्रीसची गरज अधिक.

बॉल जॉइंटचा नट मात्र कोणत्याही उंचीवर आवळता येतो. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट पुढे सरकवून जुळवावा, मागे घेऊन नव्हे.

काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि तेही गाडी चाकांवर उभी असताना. अलाइनमेंट त्यापूर्वीच, बोल्ट पूर्ण आवळल्यावर करून घ्यावे. ते करताना आर्मचा बोल्ट सोडवावा लागला, तर तो पुन्हा आवळण्याचा आकडा त्या कारागिराच्या हाती लिहून द्यावा.