पेट्रोल जाते कोठे ?

धानाची शेते, तलाव आणि जंगल यांनी गोंदिया जिल्हा व्यापलेला आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग याच जिल्ह्यातील सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून पुढे छत्तीसगडात शिरतो. परंतु महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला वळले की गावे विरळ होतात आणि एस. टी. ची वाट पाहण्यात पुष्कळ वेळ जातो. अशा ठिकाणी घरची मोटार कितीही जुनी असली, तरी ती केवळ हौसेची वस्तू राहत नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला गोंदियाच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे झाले, म्हणजे तिची खरी किंमत कळते.

जुन्या मोटारींमध्ये ‘पद्मिनी’चे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यात १९६४ पासून फियाट कंपनीची ‘११०० डी’ ही मोटार तयार होऊ लागली. तिलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक वर्षे धावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील अखेरची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खाजगी मालकांनी जपलेल्या काही मोटारी मात्र अजून चालत्या आहेत. नव्या मोटारीत पेट्रोलाचे माप संगणक ठरवितो आणि काही बिघडले तर समोरच्या फलकावर दिवा लावून सांगतो. पद्मिनीसारख्या मोटारीत ते काम कार्बुरेटर नावाचे एक छोटे यंत्र करते. ते बोलत नाही. त्याचे दुखणे माणसाला डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने ओळखावे लागते.

समजा, अशी एक मोटार पूर्वी एका लिटरमध्ये १३ किलोमीटर जात असे आणि आता ९ किलोमीटरच जाते. महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास होत असेल, तर पूर्वी ७७ लिटर पेट्रोल पुरे, आता १११ लिटर लागते. लिटरला १०० रुपये धरले तरी दरमहा ३,४०० रुपये अधिक जातात. एवढा भार अनेक कुटुंबांना पेलत नाही आणि मग चांगली मोटार भंगारात जाते. ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार ऐकताच ‘कार्बुरेटर बिघडला असेल’ असे उत्तर मिळते. लगेच तो उघडला जातो, त्याची सूक्ष्म भोके तारेने कोरली जातात आणि मूळचा दोष दुसरीकडेच असल्यामुळे पेट्रोल पूर्वीप्रमाणेच जात राहते. क्वचित पूर्वीपेक्षाही अधिक जाते.

कार्बुरेटर कसा चालतो, हे समजल्यावाचून त्याच्यावर ठपका ठेवणे योग्य नव्हे. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक बारीक नळी उभी धरावी आणि दुसऱ्या नळीने तिच्या वरच्या तोंडावरून जोराने आडवी फुंकर मारावी. पाणी नळीतून वर चढते आणि त्याचे तुषार उडतात. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून पेल्यावरील हवा पाण्याला नळीत वर ढकलते. कार्बुरेटरमध्ये हेच घडते. इंजिन हवा ओढून घेते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेगवान होते आणि शेजारच्या कुपीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून तुषाररूपाने वर येते. कुपीतील पेट्रोलाची पातळी कायम राखण्यासाठी तिच्यात एक ‘फ्लोट’ तरंगत असतो. छपरावरील टाकी भरताच पाण्याची तोटी बंद करणारा गोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फ्लोटचे काम सांगावयास नको.

पेट्रोल पूर्ण जळावयाचे तर त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलास जवळजवळ ९,००० लिटर हवा हवी, असा हा हिशेब आहे ! मोटार पेट्रोलावर चालते असे आपण म्हणतो खरे, पण तिचे मुख्य खाद्य हवा हेच होय. ही हवा अडली किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर आले, तर काही भाग अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो.

आता शोधास आरंभ करावयाचा. पहिले काम मोजण्याचे. पेट्रोलाची टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा, नेहमीच्या रस्त्यांवर दोन-तीनशे किलोमीटर मोटार चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर मावले ते पाहावे. एकदाच मोजून भागत नाही. तीन वेळा मोजावे. किलोमीटर मोजणारे यंत्र तरी खरे बोलते काय, हेही महामार्गावरील दगडांशी ताडून पाहावे. दगडांप्रमाणे १० किलोमीटर झाले आणि यंत्राने ८ दाखविले, तर पेट्रोल कोठेही गेलेले नाही !

इंधनाचाही विचार येथेच करावा. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते ऊस, मका आणि तांदळाची कणी यांपासून बनते. म्हणजे धान पिकविणाऱ्या जिल्ह्यांचाही त्याच्याशी संबंध येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलापेक्षा उष्णता कमी असल्याने अशा मिश्रणाच्या एका लिटरमधून सुमारे ६ ते ७ टक्के कमी उष्णता मिळते. तेव्हा १३ किलोमीटरमधून जेमतेम एक किलोमीटर या कारणाने घटेल. उरलेले तीन किलोमीटर मात्र मोटारीतच शोधावे लागतात. जुन्या मोटारीतील रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात आणि चिरतात, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीजवळ सकाळी पेट्रोलाचा वास येतो काय, हे प्रथम पाहावे. वास आला तर पुढील सर्व तपासण्या बाजूला ठेवून गळती बंद करावी; तेथे प्रश्न पैशांचा नसून आगीचा असतो. पेट्रोल पंपातील रबरी पडदा फाटला, तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनच्या तेलात उतरते. तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलाचा वास आला, की हा छुपा चोर सापडलाच.

यानंतर इंजिन बंद ठेवूनच पुष्कळ काही कळते. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून मोटार दोघांनी ढकलून पाहावी. ती जड वाटली, तर चाकांत हवा कमी असेल किंवा एखादा ब्रेक पूर्ण सुटत नसेल. थोडा प्रवास करून, शक्यतो ब्रेक न वापरता थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हाताचा पंजा धरावा. चारांपैकी एकच चाक तापलेले असेल, तर त्याचा ब्रेक घासतो आहे. असे इंजिन आपले बरेचसे बळ त्या ब्रेकशी झगडण्यात घालविते. कार्बुरेटर कितीही साफ केला तरी हा दोष जावयाचा नाही.

मग हवेची वाट पाहावी. गोंदियात आणि आसपास धान सडणाऱ्या गिरण्या पुष्कळ आहेत. हंगामात त्यांच्या परिसरात कोंडा आणि तुसाची धूळ उडते. कच्च्या रस्त्यांचा फुफाटा तर वर्षातून आठ महिने असतोच. ही धूळ एअर फिल्टरवर साचते. फिल्टर उन्हाकडे धरून पाहावा. प्रकाश आरपार दिसत नसेल, तर इंजिन गुदमरते आहे. चोकचेही असेच. थंडीत इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढावे म्हणून चोक ओढतात. पण त्याची तार गंजली असेल, तर मूठ आत ढकलली तरी चोक अर्धवट लागलेलाच राहतो आणि मे महिन्याच्या उन्हातही मोटार डिसेंबरातील मापाने पेट्रोल पिते.

इंजिन गार झाल्यावर चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडावेत. सर्व तपासण्यांत ही सर्वांत बोलकी होय. प्लगचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल, तर मिश्रण योग्य आहे. पांढरे पडले असेल, तर हवा अधिक. कोरड्या काजळीने काळे झाले असेल, तर बहुधा पेट्रोल अधिक. आणि तेलकट काळे असेल, तर इंजिनचे तेल वर चढते आहे. येथे थोडा विचार हवा. या मोटारीत कार्बुरेटर एक आणि सिलिंडर चार. चारही प्लग सारखेच काळे असतील, तर दोष चौघांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे फिल्टर, चोक किंवा कार्बुरेटर येथे असला पाहिजे. एकच काळा आणि तीन चांगले असतील, तर कार्बुरेटर निर्दोष ठरतो. मग तो प्लग, त्याची तार किंवा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तपासावा. प्रदूषण-तपासणीचा कागदही येथे उपयोगी पडतो. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. आकडा त्याच्या वर गेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे, याला दुसरा पुरावा मिळाला. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. म्हणून बंद पडवीत किंवा गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये.

ठिणगी वेळेवर पडते काय, हेही पाहिले पाहिजे. ती उशिरा पडली तर पेट्रोल जळते, पण त्याचे बळ दट्ट्याला न मिळता नळीतून बाहेर निघून जाते. पॉइंट झिजून त्यांतील फट कमी झाली की हे हळूहळू घडते आणि चालविणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. काही ठिकाणी मोटार तापते म्हणून इंजिनचा थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची रीत आहे. तीही चांगली नव्हे. गार पाणी सारखे फिरत राहिल्याने थंडीत इंजिन पुरेसे तापत नाही आणि गार इंजिनला पेट्रोल अधिक लागते.

एवढे सर्व ठीक असूनही चारही प्लग काळेच असतील, तेव्हाच कार्बुरेटर उघडावा. हे काम अनुभवी मिस्त्रीचे आहे. मुलांनी ते शेजारी उभे राहून पाहावे. जेटवर त्याच्या मापाचा आकडा कोरलेला असतो. तो मूळ मापाशी जुळतो काय, ते पाहावे आणि जेट तारेने न कोरता हवेच्या झोताने साफ करावा, कारण पितळ मऊ असते आणि केसभर वाढलेले छिद्रही पेट्रोलाचे माप बिघडविते. मग फ्लोट कानाजवळ धरून हलवावा. आत खळखळ झाली, तर त्यात पेट्रोल शिरले आहे. जड झालेला फ्लोट खोल बुडतो, पेट्रोलाची तोटी वेळेवर बंद होत नाही आणि कुपी भरून वाहू लागते. छिद्र डोळ्यांना दिसत नसेल, तर विस्तवापासून दूर, उघड्या जागी भांड्यातील गरम पाण्यात फ्लोट बुडवून धरतात. आतील हवा तापून फुगते आणि टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येऊ लागते.