नल बरोबर नल आहे का?

समजा, एका सर्वेक्षणात १०० जणांना विचारलं, ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ ३० जण ‘हो’ म्हणाले, ५० जण ‘नाही’ म्हणाले आणि २० जणांनी उत्तरच दिलं नाही. त्या २० ओळींत डेटाबेसमध्ये नल आहे. आता एसक्यूएलला विचारा, उत्तर ‘हो’ आहे अशा ओळी किती? ३०. उत्तर ‘हो’ नाही अशा किती? तुम्ही मनात ७० म्हणालात. एसक्यूएल ५० सांगतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, २० माणसं गायब.

असं का होतं? नल ही किंमत नाही, किंमत ठाऊक नसल्याची खूण आहे. दोन अनोळखी माणसांचं वय तुम्हाला माहीत नाही. मग त्यांचं वय सारखं आहे का? ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७९ च्या निबंधात खरं आणि खोटं यांच्या जोडीला ‘अज्ञात’ असं तिसरं उत्तर मांडलं, आणि एसक्यूएल त्याच वाटेने गेलं. नलची तुलना कशाशीही करा, अगदी दुसऱ्या नलशी, उत्तर अज्ञातच येतं. व्हेअर मात्र फक्त ‘खरं’ असलेल्या ओळी पुढे सोडतं. म्हणून ‘बरोबर नल’ असं लिहिलं की एकही ओळ मिळत नाही. तिथे ‘इज नल’च लागतं.

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ‘नॉट इन’. वगळायच्या सहभागींचे क्रमांक एका यादीत आहेत: ३, ५ आणि चुकून एक नल. ‘या यादीत नसलेले सगळे द्या’ असं म्हटलं की तुम्हाला शून्य ओळी मिळतात. क्रमांक ७ यादीत नाही असं छातीठोकपणे कोण सांगणार? तो नल म्हणजे ७ असेलही! तर्क अगदी चोख, पण तुमची दुपार गेली. अशा वेळी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

बरं, एसक्यूएल स्वतः तरी या तर्काला धरून राहतं का? नाही. ग्रुप बाय करताना ते सगळे नल एकाच गटात टाकतं, म्हणजे तिथे ते ‘सारखे’ ठरतात. व्यवहाराच्या दृष्टीने ठीक आहे, पण नियम म्हणून मला हे कधीच पटलं नाही.

आता तोच डेटा पांडासमध्ये उघडा. तिथे रिकाम्या जागी साधारणपणे नॅन असतो. तो आला आयईईई ७५४ या १९८५ च्या अपूर्णांक-गणिताच्या मानकातून, आणि त्याचा नियम वेगळा आहे. नॅन बरोबर नॅन? ठाम ‘खोटं’. नॅन ‘हो’पेक्षा वेगळा? ठाम ‘खरं’. त्यामुळे ‘हो नाही’ या फिल्टरला इथे ७० ओळी मिळतात. कॉलमचा प्रकार बदलून पांडासची एनए ही खूण घेतली, की परत ५०. आरमध्ये चौकटी कंसाने निवडलंत तर ७० ओळी येतात, पण त्यातल्या २० ओळींचे सगळे रकाने एनए झालेले असतात. डीप्लायरचा फिल्टर वापरलात तर ५०. प्रश्न एकच आहे हं!

गटांचंही तसंच. पांडासचा ग्रुपबाय नॅनचा गट आपणहून टाकून देतो, एसक्यूएल ठेवतं. दोन तक्ते जोडताना उलटं: पांडासचा मर्ज दोन्हीकडच्या रिकाम्या किल्ल्या एकमेकींशी जुळवतो, एसक्यूएलचा जॉईन जुळवत नाही. मध्येच टूल बदललंत तर हे लक्षात असू द्या.

हा फक्त कोडचा प्रश्न नाही. तंबाखू खाणारे ३० टक्के की ३७.५ टक्के, हे छेद १०० धरला की ८० यावर ठरतं. ज्यांनी उत्तर टाळलं ते बहुतेक उगाच टाळत नाहीत. खाणारा माणूसच गप्प बसला असण्याची शक्यता जास्त. म्हणजे छेद कुठला घ्यायचा हा संशोधनाचा निर्णय झाला. तो तुम्ही घ्यायचा आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहायचा. तुलनेच्या चिन्हाने तो परस्पर घेऊ नये.

प्रत्येक फिल्टरनंतर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘रिकामं’ अशा तिन्ही बाजू मोजा आणि बेरीज मूळ ओळींइतकी येते का बघा. एसक्यूएलमध्ये काउंटला तारा दिला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात आणि कॉलमचं नाव दिलं तर नल सोडून उरलेल्या. दोन्हींतला फरक म्हणजे रिकाम्या जागा. आणि कटकट नको म्हणून वयाच्या रिकाम्या रकान्यात ९९९ भरू नका. सरासरी काढणारं फंक्शन ते निमूटपणे वय म्हणूनच धरतं.