पोलाद कुरतडणारे बुडबुडे

रायपूरच्या नळांना येणारे पाणी भाठागावजवळ खारून नदीतून उचलले जाते आणि उन्हाळ्यात नदी आटली की गंगरेल धरणाचे पाणी कालव्याने आणावे लागते. पाणी उचलणाऱ्या पंपांवर ज्यांची हयात गेली, ते एक आवाज लगेच ओळखतात. पातळी खाली गेली किंवा फूट व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकला, की आत खडी फिरत असल्यासारखी पंपातून खडखड सुरू होते. पंप उघडून पाहिला तर इम्पेलरच्या पात्यांवर बारीक खड्डे पडलेले असतात. खडी मात्र कुठेच नसते. पंपाने हवा धरली, असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा हवेचा त्यात काही संबंध नसतो. सक्शनच्या बाजूला दाब इतका उतरतो की पाणी न तापवताच उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढताच ते क्षणात मिटतात. धातूला लागून असलेला बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. तो एका बाजूने खचतो आणि पाण्याची अतिशय बारीक धार धातूवर आदळते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडले. गंगरेलच्या पायथ्याशी 10 मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांतल्या टर्बाइनच्या पात्यांनाही या झिजेचा धोका असतो आणि पडलेले खड्डे वेल्डिंगने भरून काढावे लागतात.

आता पाण्याच्या जागी पारा घ्या. तो पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे 2006 पासून ‘स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स’ हे केंद्र चालते. तिथे स्टेनलेस स्टीलच्या पात्रातून सुमारे 20 टन पारा फिरत असतो. त्यावर सेकंदाला 60 वेळा प्रोटॉनचा झोत सोडला जातो आणि प्रत्येक झोत मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो. पाऱ्याच्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आदळला की त्यातून वीसहून अधिक न्यूट्रॉन उडतात. पदार्थाच्या आत हायड्रोजनचे अणू कुठे बसले आहेत, चुंबकत्व कसे रचले आहे, हे न्यूट्रॉन फार चांगले दाखवतात. जड अणुकेंद्र, नेहमीच्या तापमानाला द्रवरूप आणि स्वतःची उष्णता स्वतःच वाहून नेणारा, म्हणून पारा निवडला गेला. निवड विचारपूर्वक केलेली होती.

घात केला तो वेळेने. 1.4 मेगावॅट क्षमतेला एका झोतात सुमारे 23 किलोज्यूल ऊर्जा असते आणि तिचा मोठा भाग पाऱ्यात उतरतो. तापमान थोड्याच अंशांनी वाढते, पण इतक्या झटक्यात की पाऱ्याला प्रसरण पावायला सवडच मिळत नाही. दाब वातावरणाच्या शेकडो पट चढतो. ती दाबलहर पोलादी भिंतीवर आपटते, भिंत हलते आणि मागोमाग पारा ताणला जातो. ताण सोसेनासा झाला की पाऱ्यात पोकळ्या पडतात आणि त्या भिंतीपाशी मिटतात. हे दिवसाला 50 लाखांहून अधिक वेळा घडते.

हा धोका लक्षात आला तेव्हा ओक रिजचे बांधकाम सुरू झालेले होते. जपानी संशोधकांच्या आघात-चाचण्यांत पाऱ्याने धातूवर खड्डे पाडलेले दिसले. 2001 मध्ये लॉस अलामॉस येथे प्रत्यक्ष प्रोटॉनचा झोत वापरून तेच पडताळले गेले. 2009 मध्ये ओक रिजचे पहिले पात्र बदलण्यात आले. ते इतके किरणोत्सारी झाले होते की जाड भिंतींआडून, दूरनियंत्रित यंत्रांनी त्याच्या नाकाडाच्या, म्हणजे झोत आदळतो त्या टोकाच्या, चकत्या कापाव्या लागल्या. आतल्या पत्र्याची पाऱ्याच्या मुख्य साठ्याकडची बाजू खोलवर खरवडली गेली होती. त्याच पत्र्याची दुसरी बाजू अरुंद फटीला लागून होती. तिथून पारा वेगाने वाहत होता आणि ती बाजू बरीच शाबूत होती. मला ही चकती साऱ्या प्रकरणाचा सर्वांत बोलका पुरावा वाटते, कारण पुढच्या आराखड्यांत भिंतीलगत पाऱ्याचा वेगवान प्रवाह मुद्दाम सोडला गेला.

दुसरा उपाय बुडबुड्यांचाच, पण हेलियमचे अगदी बारीक बुडबुडे पाऱ्यात सोडण्याचा. वायू दाबला जातो, त्यामुळे तापलेल्या पाऱ्याला प्रसरणाला जागा मिळते आणि दाबलहरीचा जोर ओसरतो. जपानमध्ये तोकाई येथील जे-पार्क केंद्राने हा मार्ग धरला आणि ओक रिजने 2017 मध्ये तो अमलात आणला. तेव्हापासून पात्रांची झीज लक्षणीय कमी झाली.

आपल्याकडे तुर्भ्याची ‘ध्रुव’ अणुभट्टी 1985 पासून न्यूट्रॉन पुरवते. प्रोटॉनच्या झोतावर चालणाऱ्या न्यूट्रॉन स्रोताचा विचार इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात झालेला आहे. तो स्रोत उभारायचा तर झोताचे लक्ष्य म्हणून कोणता धातू घ्यायचा, हे आधी ठरवावे लागेल. माझ्या मते तो निर्णय कापलेल्या चकत्यांचे अहवाल समोर ठेवूनच व्हायला हवा. स्वीडनमधील लुंडच्या केंद्राने घन टंगस्टनचे फिरते चाक निवडले आहे आणि खुद्द ओक रिजनेही आपल्या दुसऱ्या लक्ष्य-केंद्राच्या आराखड्यात पारा सोडून फिरते टंगस्टनच घेतले आहे.